महाग कार्ड ठेवून गेलेला चोर

१

चोराने संगणकातलं एक ग्राफिक्स कार्ड नेलं आणि त्याच्या जागी त्याहून महाग कार्ड बसवून गेला. मोसुलच्या विद्यापीठासमोर बावीस वर्षं मी संगणकाचे जुने सुटे भाग विकतोय. नाही नाही ते चोर पाहिले, पण पदरचे पैसे घालून चोरी करणारा हा पहिलाच.

शनिवारी सकाळी मी पहिला चहा ओतत होतो तेव्हा सिनान आत आला. तेवीस वर्षांचा मुलगा, इंजिनिअरिंगची पदवी घेऊन घरी बसलेला. असे आमच्या गावात पोत्याने मिळतात. त्याने सलाम केला नाही की बसला नाही, एक कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "अम्मो," म्हणजे काका, "दहा दिवसांपूर्वी मी तुमच्याकडून पाचऐंशी नेलं. माझ्या संगणकात हे निघालं."

ते दहासाठ होतं.

पाचऐंशी आणि दहासाठ ही आमच्या बाजारातली सगळ्यात जुनी भाऊबंदकी. खेळाचं चित्र पडद्यावर उभं करणारी ही दोन जुनी कार्डं, एकाच काळातली, एकाच ताकदीची. नवीन घ्यायची ऐपत नसलेली सगळी पोरं रोज मला विचारतात, यातलं कुठलं घेऊ? एका खेळात हे सेकंदाला दोन चित्रं जास्त काढतं, दुसऱ्यात ते. पाचऐंशीची मेमरी आठ, दहासाठची सहा. पाचऐंशी लाख दिनारला, दहासाठ सव्वा लाखाला. उडदामाजी काळेगोरे, निवडणार तरी काय? मी माझ्या भिंतीवर फळा लावून ठेवलाय, त्यावर दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेत, आणि तो फळा वाचून आजवर एकाही गिऱ्हाइकाचं समाधान झालेलं नाही.

पण सिनानचा राग आकड्यांवर नव्हता. मंगळवारी तो मावसभावाच्या लग्नाला दुहोकला गेला, गुरुवारी परतला. तेवढ्यात त्याच्या घरात, त्याच्या खोलीत कोणीतरी संगणक उघडला होता. आईला विचारलं तर ती म्हणाली, कोणीही आलं नव्हतं. गल्लीच्या जनरेटरवाल्याने मात्र बुधवारी एका माणसाला बगलेत खोका धरून त्यांच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं होतं.

तो माणूस म्हणजे धन्नून. पंधरा वर्षं माझ्या दुकानाच्या मागच्या टेबलावर बसून कार्डं दुरुस्त करतो. सिनानच्या घरी जाऊन पाचऐंशी बसवून आला होता तोही हाच.

सिनानने मोबाइल पुढे धरला. धन्नूनचा फोटो, खाली 'चोर' हा शब्द आणि गल्लीचं नाव. आमच्या गावातल्या सुट्या भागांच्या गटात चाळीस हजार माणसं आहेत. तिथल्या काळ्या यादीत एकदा नाव चढलं की त्या कारागिराला कोणी एक तार जोडायला देत नाही. धन्नून पन्नाशीचा, दुसरं कसलंही काम न येणारा.

"तुमच्या शब्दाखातर सोमवारी मगरिबच्या, दिवेलागणीच्या अजानपर्यंत थांबतो," सिनान म्हणाला. "मग टाकतो."

मी मागे वळून पाहिलं. धन्नूनने सगळं ऐकलं होतं. हातातलं सोल्डरिंग आयर्न त्याने खालीही ठेवलं नाही.

"टाकू दे," तो म्हणाला.

२

सिनान गेल्यावर मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि धन्नूनसमोर स्टूल टाकून बसलो. हा असा माणूस की डबा उघडला आणि एक स्क्रू उरला तर कागदात बांधून गिऱ्हाइकाला परत देणार. गिऱ्हाईक घ्यायला तयार नसलं तरी देणार. त्याला चोर म्हणणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो हसला नाही.

मी विचारलं, बुधवारी तू त्या घरी गेला होतास का? तो समोरच्या कार्डावरची धूळ ब्रशने झाडत राहिला. तू नसशील गेलास तर जनरेटरवाल्याला आत्ता बोलावून घेतो, म्हटलं. शेवटी म्हणाला, "मी चोरी केली नाही. यापुढे विचारू नकोस, अबू सरमद. तुझ्याशी खोटं बोलायला लावू नकोस."

मला राग आला. सिनानने टाकून दिलेलं ते दहासाठ मी हातात घेतलं, उगाच उलटंसुलटं केलं. आणि पंख्याशी माझं बोट अडलं. पंख्याच्या चार स्क्रूंपैकी तीन काळे होते, चौथा पितळी.

तो पितळी स्क्रू मी ओळखला. गेल्या हिवाळ्यात मूळचा हरवला म्हणून धन्नूनने दाराच्या कडीतला काढून तिथे बसवला होता, आणि मी त्याची आठवडाभर टिंगल केली होती. ते कार्ड दुकानातलं नव्हतंच. ते धन्नूनच्या स्वतःच्या घरच्या संगणकातलं होतं. त्याची मुलं त्यावर खेळत.

माझाच माणूस, माझ्याच गिऱ्हाइकाच्या घरात शिरून, पोरांच्या हातचं खेळणं काढून तिथे ठेवून आला होता. कशासाठी? आणि त्याच्यासाठी दार कोणी उघडलं?

३

रविवारी सकाळी मी मिकदादला गाठलं. सिनानच्या बहिणीशी याचं ठरलंय. मोबाइलचा धंदा करतो, आणि सिनानने पाचऐंशी घेतल्यापासून ते मला वीक म्हणून सिनानच्या मागे लागला होता. माझा पहिला संशय त्याच्यावर होता, ते मी लपवलंही नाही.

"मी चोरलं असतं तर महाग कार्ड ठेवून आलो असतो होय?" मिकदाद म्हणाला. "मला लग्न करायचंय अम्मो, खैरात नाही वाटायची." शिवाय दुहोकला गाडी चालवत नेणारा तोच होता, तिन्ही दिवस तो सिनानच्या शेजारीच होता. लग्नाचे फोटो त्याने मला एकेक करून दाखवले, नको म्हणत असताना. आणि बोलता बोलता तक्रार केली की या घराचा ड्रायव्हर होऊन बसलोय, त्याआधीच्या रविवारी सासऱ्यांनाही मीच इस्पितळात नेलं, उकाड्याने चक्कर आली होती त्यांना, बरं झालं मी जवळच होतो.

मी त्याला यादीतून खोडलं आणि हाजी युनुसकडे गेलो.

हाजी युनुस म्हणजे त्या गल्लीचा जनरेटरवाला. सरकारी वीज गेली की याच्या जनरेटरवर गल्ली जगते. प्रत्येक घराने महिन्याला ठरावीक अँपियर विकत घेतलेले, त्यापेक्षा जास्त ओढलं की त्या घराचं बटण खटकन पडतं. गल्लीत वीज गेली की कोणी कारण विचारत नाही, सगळे हाजी युनुसला शिव्या देतात, आणि त्याला त्याची इतकी सवय झालीय की शिव्या नाही ऐकल्या तर त्याला करमत नाही.

त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीनच्या आवाजात आम्ही एकमेकांच्या कानाशी बोललो. सिनानचं घर चार अँपियरवर होतं. "गेल्या आठवड्याच्या आधीपर्यंत त्या घराने मला कधी त्रास दिला नाही," तो म्हणाला. "मग एकाएकी तीनदा बटण पडलं. शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी. बुधवारपासून पुन्हा एकदाही नाही."

"बटण पडल्यावर सांगायला कोण येतं?"

"दोनदा तो पोरगा आला, मला चोर म्हणून गेला. रविवारी त्याची आई, उम्म सिनान, स्वतः आली. अनवाणी आली. जुलैच्या डांबरावरून. मी म्हटलं काय झालं, तर नुसती बटणाकडे बोट दाखवत राहिली."

एखादा अँपियर वाढवून का देत नाहीस, असं मी विचारलं. उन्हाळ्यात जनरेटरवर शिल्लक नाही, सगळी लाइन भरलीय, तिने मागितला होता, मी कुठून आणू, असं तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा चेहरा चोराचा वाटला नाही.

मी निघालो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पाचऐंशी आलं आणि बटण पडायला लागलं. दहासाठ आलं आणि थांबलं.

४

दुपारी मी ते दहासाठ घेऊन सिनानच्या घरी गेलो. कार्ड नीट तपासतो, असं निमित्त केलं.

उम्म सिनानने चहा आणि कलीचा, म्हणजे खजूर भरलेली बिस्किटं, पुढे ठेवली. सिनानने मला खोलीत नेलं, दहासाठ पुन्हा बसवलं आणि खेळ लावला. कानाला लावायच्या हेडफोनमधून तीन मुलांचा कल्ला बाहेर ऐकू येत होता. एक जर्मनीत, एक अंकाराला, एक एरबिलमध्ये. चौघं शाळेत एका बाकावर बसायचे. लढाईनंतर तो बाक असा चार गावांत विखुरला, आणि आता रोज संध्याकाळी दोन तास ते या खेळात भेटतात. एकमेकांना जी नावं ठेवत होते ती इथे लिहिता येणार नाहीत. सिनान हसत होता. दुकानात आलेला मुलगा तो हाच, यावर माझा विश्वास बसेना.

मी आकडे पाहिले. माझ्या फळ्यावर पाचऐंशीचे त्र्याहत्तर होते, इथे दहासाठ एकाहत्तर देत होतं. दोन चित्रांचा फरक, डोळ्याला न दिसणारा. तेवढ्यात सरकारी वीज गेली. क्षणभर अंधारलं, मग जनरेटरची वीज आली आणि सगळं जसंच्या तसं चालू झालं. बटण पडलं नाही.

आतल्या खोलीतून हाक आली. सिनानचे वडील, अबू सिनान, पलंगावर उशांना टेकून बसले होते. लढाईत गंधकाचा कारखाना जळला आणि त्याचा धूर छातीत गेला, त्या वर्षापासून त्यांना श्वास पुरत नाही. नाकात नळी, शेजारी गुरगुरणारं ऑक्सिजनचं मशीन. त्यांनी मला बसवलं, तब्येत, बाजार, मुलंबाळं सगळं विचारलं. मग हळूच म्हणाले, "धन्नून भला माणूस आहे. सिनानला सांगा, विषय सोडून दे म्हणावं."

"तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मी मशीनच्या मागचं लेबल वाचलं. साडेतीनशे वॅट.

निघताना उम्म सिनान दारापर्यंत आली. "अबू सरमद, तुम्ही हे शोधू नका," ती म्हणाली. मी छातीवर हात ठेवून मान हलवली, पण खरं सांगायचं तर मी तिचं ऐकतच नव्हतो. मला उत्तर सापडलं होतं. बावीस वर्षं मी त्या दोन कार्डांची तुलना करत आलो, आणि माझ्या फळ्यावर एक रकाना कायमचा राहून गेला होता. रस्ताभर मी स्वतःवर खूश होतो.

५

सोमवारी दुपारी चारला मी सगळ्यांना दुकानात बोलावलं. सिनान, मिकदाद, हाजी युनुस. धन्नून त्याच्या टेबलावर होताच. मी फळा पुसला. मला हौस होती, ती मी नाकारत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

मी म्हणालो, चोरी झालेलीच नाही. चोर नफ्यासाठी बदली करतो. इथे बदली करणाऱ्याने तोटा सोसला, कारण दहासाठ पाचऐंशीपेक्षा महाग. खेळ दोन्हींवर सारखाच चालतो. मग दहासाठ कुठल्या एका बाबतीत सरस आहे? विजेच्या. पाचऐंशी एकशे पंच्याऐंशी वॅट खातं, दहासाठ एकशेवीस. फरक पासष्ट, साधारण एका पंख्याइतका. हे बाजारात कोणीच विचारत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं वीज जाते ती हाजी युनुसमुळे.

हाजी युनुसने मान डोलावली.

मी फळ्यावर मांडलं. चार अँपियर म्हणजे आठशे ऐंशी वॅट. फ्रिज दीडशे, पंखा साठ, दिवा चाळीस, ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे. झाले सहाशे. त्यात पाचऐंशीवाला संगणक खेळताना तीनशे. नऊशे झाले, बटण पडलं. दहासाठवाला दोनशे पस्तीस. आठशे पस्तीस झाले, बटण टिकलं.

"अबू सरमद, पुरे," धन्नून म्हणाला.

पण मी थांबलो नाही. धन्नूनला त्या घरातून कोणीतरी बोलावलं, मी म्हणालो. ज्या व्यक्तीने रविवारी अनवाणी जाऊन बटण लावून घेतलं, तिने. धन्नूनने स्वतःच्या घरचं कार्ड आणून बसवलं, पाचऐंशी जपून ठेवलं आणि गप्प राहायचा शब्द दिला. तुझ्या आईने घाबरून कोणी आलं नाही म्हटलं, म्हणून ही चोरी झाली. धन्नूनचं नाव स्वच्छ आहे.

सिनान फळ्याकडे बघत होता. मला वाटलं हिशेब तपासतोय. त्याची नजर साडेतीनशेच्या आकड्यावर थांबली होती.

"रविवारी," तो म्हणाला. "रविवारी बटण पडलं तेव्हा मी गच्चीवर गेलो. मित्रांना मोबाइलवरून सांगायला, की इकडे वीज गेली, थांबा. पंधरा मिनिटं मी वर हसत होतो." तो मिकदादकडे वळला. "बाबांना इस्पितळात नेलं ते उकाड्याने नाही ना?"

मिकदादला काहीच ठाऊक नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सिनानने धन्नूनकडे पाहिलं. धन्नूनने खाली पाहिलं. तो म्हणाला, "ऑक्सिजनचा सिलेंडर होता घरात. तुझ्या आईला त्याची चावी फिरवता आली नाही. ओठ निळे पडले होते, पण वेळेवर वीज आली. तुझ्या बाबांनी दोघांनाही शपथ घातली, तुला कळू द्यायचं नाही."

मी हातातला खडू खाली ठेवला. घरातल्या प्रत्येक वस्तूचे वॅट मी मोजले होते, आणि त्या साडेतीनशेला लटकलेला माणूस माझ्या हिशेबात कुठेच नव्हता. हे सांगताना आजही मला लाज वाटते.

सिनानने मोबाइल काढून ती पोस्ट पुसली. मग धन्नूनपाशी गेला, वाकून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि निघून गेला.

"नाव गेलं असतं तर मी भाजी विकली असती," धन्नून मला म्हणाला, आणि त्याने सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापत ठेवलं.

६

शुक्रवारी नमाजनंतर मी त्यांच्या घरी गेलो. सिनानच्या खोलीतलं टेबल रिकामं होतं. संगणक त्याने दोऱ्यांनी बांधून जिन्याखाली सरकवला होता, दहासाठ धन्नूनला परत करायचं म्हणून वर कागदात गुंडाळून ठेवलेलं. तिघं मित्र फोन करत होते, तो उचलत नव्हता. उम्म सिनानने माझ्यासमोर चहा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मी सिनानला समजावलं. दहासाठवर आठशे पस्तीसच होतात, त्यात बाबांचा साठ वॅटचा पंखाही आला, मर्यादेच्या पंचेचाळीस आत आहेस, निर्धास्त खेळ, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. सिलेंडरची चावी मी स्वतः सैल करून दिली, उम्म सिनानला फिरवायला शिकवली. सिनानने सगळं ऐकून घेतलं.

"आणि फ्रिजने एखाद्या दिवशी पन्नास जास्त ओढले तर?" त्याने विचारलं.

जुना फ्रिज आहे, उन्हाळा आहे, ओढूही शकतो.

अबू सिनान आतून सगळं ऐकत होते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. वीज गेलेली होती, घर जनरेटरवर होतं. खोलीत भट्टीसारखी उष्णता, त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजलेली. ते मला म्हणाले, "अबू सरमद, तुम्ही हिशेबाचे पक्के आहात. संध्याकाळी ही चार पोरं भांडतात ना, ते ऐकत माझे दोन तास निघतात. पंखा साठ वॅटचा आहे म्हणालात ना?"

मी हो म्हटलं.

त्यांनी हात लांबवला. नळी ताणली गेली, पण त्यांनी भिंतीवरचं बटण गाठलं आणि पंखा बंद केला. पाती फिरत फिरत थांबली. त्यांना दम लागला होता, तो बसेपर्यंत आम्ही उभे राहिलो.

"आता सातशे पंच्याहत्तर," ते म्हणाले. "आता तर खूप उरले. सांगा त्याला."

मी सिनानकडे पाहिलं. तो पलंगाला वळसा घालून भिंतीपाशी गेला, पंख्याचं बटण पुन्हा दाबलं आणि बाहेर निघून गेला. अबू सिनान माझ्याकडे पाहत राहिले, मी काहीतरी सांगेन म्हणून.